वहीतली चौथी ओळ

तात्या, तुमच्या वहीची नक्कल करायला बसलोय. परवा तुमचा तेरावा झाला. आज रविवार, कचेरीला सुट्टी. वेल्ह्यातल्या माझ्या खोलीत खिडकीपाशी पाट मांडलाय, त्यावर तुमची जुनी वही, शेजारी नवी कोरी वही, दौत आणि टाक. सकाळपासून पहिलं पान उघडून बसलोय आणि टाकावरची शाई दोनदा वाळली.

तुम्हाला हे आवडलं नसतं, हे मला ठाऊक आहे. किती वर्षं तुमच्या मागे लागलो होतो की वही कशी ठेवायची ते एकदा नीट लिहून ठेवा. तुम्ही रंधा मारता मारता म्हणायचात, "नियम लिवला की पळवाट बी लिवली." मी म्हणायचो, तुमच्या माघारी कोण सांगणार? तुम्ही म्हणायचात, माघारी जो ठेवील तो त्याच्या अकलेनं ठेवील. आता गावच्या तरुण मंडळाची पोरं तुमच्या दहाव्याला मला गाठून म्हणाली, वहीला वाळवी लागलीय, तुम्ही कचेरीत नकला करता, एवढी उतरवून द्या आणि पुढच्या दोन पानांवर रीतही लिहा, कारण तात्यांच्या डोक्यात काय होतं ते आम्हाला कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे शेवटी लिहायची वेळ माझ्यावरच आली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. तुमची खोड गेली, तात्या, पण काम मला लावून गेली.

आपल्या गावाबाहेरच्या माणसाला ही वही समजावायची म्हणजे पंचाईत आहे. चैत्रात जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, रान मोकळं झालं की मिशा फुटलेले बापये विटीदांडू खेळतात, आणि ज्याचा टोला लांब जाईल त्याचं नाव वहीत चढतं. दहाच नावं. वही गावच्या सुताराकडे, कारण माप त्याला कळतं. तुमच्या वडिलांनी ती सुरू केली आणि तुम्ही चालवली. कचेरीत एकदा मी हे सांगितलं तर सगळे पोट धरून हसले. पोरखेळाचं दप्तर, म्हणाले. त्यांना काय सांगायचं? कापूरहोळला ट्रकच्या गॅरेजात काम करणारा आपला एक गडी, गाडी चुकली म्हणून रात्रभर चालत जत्रेला आला होता, का, तर त्याचं दहावं नाव त्या वर्षी निसटेल अशी त्याला भीती होती. कुठल्याच सरकारी कागदावर नाव नसलेली माणसं होती ती. त्यांना नाव लिहिलेलं बघायची जागा एवढीच.

तर रीत लिहायला घेतली. पहिली गोष्ट, मापाचा दांडू. तो देवळात भैरोबाच्या पालखीमागे ठेवलेला असतो, दीड हाताचा, म्हणजे छत्तीस बोटं. गल्लीपासून, म्हणजे विटी ठेवायच्या खळीपासून, विटी पडली तिथपर्यंत त्या दांडूनं मोजायचं. पोरं वकट-लेंड-मुंड करत मोजतात, जत्रेत मात्र सरळ एक, दोन, तीन. दुसरी, ज्यानं टोला मारला त्यानं आधी आकडा मागायचा. मागितल्यापेक्षा कमी भरलं की तो बाद, नोंद नाही. तिसरी, दोघांचे सारखे भरले तर आधीचा वर राहतो. यावर आपण किती भांडलो. मी म्हणायचो, नव्यानं तेवढंच केलं तर त्याला वर घ्या, गावाला हुरूप येईल. तुमचं म्हणणं, आधी आलेल्यानं कुणाचं बघून मारलं नव्हतं. हे मला तेव्हा पटलं नाही. आता लिहिताना पटलं, पण सांगायचं कुणाला?

चौथी, दरवर्षी सगळी यादी नव्या पानावर परत लिहायची. अकरावा झाला त्याचं नाव खोडायचं नाही, फक्त पुढच्या पानावर घ्यायचं नाही. मागच्या पानावर तो असतोच. पाचवी, नोंद करताना खेळणारा समोर उभा पाहिजे आणि दोन साक्षीदार पाहिजेत. ही तुमच्या वडिलांच्या वेळी मारुती नावाच्या दोघांचा घोळ झाला तेव्हापासूनची. सहावी, वही ठेवणाऱ्यानं स्वतःचं नाव लिहायचं नाही. तुमचा टोला चांगला नव्वदीच्या घरात जायचा असं जुनी माणसं सांगतात. वही हातात आली त्या दिवशी तुम्ही दांडू ठेवला. आम्ही तुम्हाला खेळताना कधी बघितलंच नाही.

इथपर्यंत सरळ उतरलं. पुढे अडलो.

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या तिसऱ्या वर्षीची जत्रा. तुम्ही ती विसरला नव्हता आणि मीही नाही, पण तुम्ही तिच्याबद्दल अकरा वर्षांत एकदासुद्धा सरळ बोलला नाहीत. आता तुम्ही मधे बोलू शकत नाही, तेव्हा मीच सांगतो.

मी वीस वर्षांचा. आमच्या बौद्धवस्तीतली पोरं लांबून खेळ बघायची, बांधावर बसून. त्या वर्षी वरच्या आळीचा एक गडी पाय मुरगळून बसला आणि त्यांच्यातलाच कुणीतरी गमतीनं म्हणाला, किसनाला घ्या, त्याचा हात चांगला चालतो. गमतीनं म्हणाला हे मला नंतर कळलं. मी बाभळीचा माझा दांडू घेऊन बांधावरून उतरलो. तो मी स्वतः तोडून, काचेनं तासून केलेला. विटी उडवली, टोला बसला. हाताला काहीच जाणवलं नाही, म्हणजे तो नीट बसला होता. विटी पार तिकडच्या बांधाला जाऊन पडली. मी नव्वद मागितले.

तुम्ही देवळाकडे निघाला होता मापाचा दांडू आणायला. एक म्हातारा पंच उठला आणि तुम्हाला म्हणाला, "सुतारा, द्येवाचा दांडू ह्येच्या इटीला टेकवायचा न्हाई." आवाज चढवून नाही म्हणाला. वैरण टाक म्हणावं तसा म्हणाला. तुम्ही थांबलात. सगळे तुमच्याकडे बघत होते, मीही बघत होतो. वही तुमची, माप तुमचं. तुम्ही मान खाली घातली आणि मला म्हणालात, "तुज्याच दांडूनं मोज. म्या बरूबर चालतो."

मी वाकून मोजत गेलो आणि तुम्ही शेजारून चालत मोठ्यानं आकडे म्हणत होता. चौऱ्याण्णव भरले. शेवटचा आकडा तुम्ही इतक्या मोठ्यानं म्हणालात की वस्तीवर माझ्या आईला ऐकू गेला. ती घरातून पळत आली होती. मग तुम्ही वही उघडलीत, कानावरची पेन्सिल काढलीत आणि परत कानावर ठेवलीत. मापाच्या दांडूनं मोजलेलं नाही, त्यामुळे नोंद होत नाही, असं तुम्ही वहीकडे बघत सांगितलंत. मी दांडू तिथंच टाकला आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी आई तो शोधायला गेली तर नव्हता. कुणीतरी चुलीत घातला असेल असं आम्ही धरून चाललो.

मला तेव्हा तुमचा जेवढा राग आला तेवढा त्या पंचाचाही नाही आला. त्याच्याकडून मला काही नकोच होतं. तुमच्याकडून होतं. सुगीला शेतकऱ्यांच्या खळ्यावरून तुमचं बलुतं यायचं, पेंढ्या आणि पसा-दोन पसे धान्य, ते बंद झालं तर काकी आणि तुम्ही काय खाणार, हे मला कळत होतं. पोट सगळ्यांना असतं. पण रीत मोडायला लावली त्यांनी, आणि रीत मोडली म्हणून बाद झालो मी. ते तुमच्या तोंडून ऐकावं लागलं.

दोन वर्षांनी मला वेल्ह्याच्या कचेरीत नक्कल कारकुनाची जागा मिळाली. चांगल्या खुर्चीवर बसल्यावर गावची माणसं थोडी थोडी बोलायला लागतात, तशी लागली. सात-बाऱ्याचे उतारे काढून द्यायचे असले की किसनराव. एका रविवारी तुम्ही तुमच्या जमिनीच्या तुकड्याचा उतारा मागायला बोलावलंत म्हणून पडवीत आलो. काम झाल्यावर तुम्ही आत गेलात आणि वही आणून माझ्यासमोर ठेवलीत. मी पान उघडलं. पहिलं नाव अठ्ठ्याण्णव दांडू. दुसरं त्र्याण्णव. तिसरी ओळ रिकामी. चौथं एकोणनव्वद. आणि त्या रिकाम्या ओळीवर हळदीकुंकवाची बोटं.

गावात विचारलं तेव्हा कळलं. तुम्ही लोकांना सांगितलं होतं की एक ओळ भैरोबाची असते, जुनी रीत आहे, मधे मोडली होती. आणि लोकांनी ते मानलं. खेळ सुरू होण्याआधी वहीची पूजा व्हायला लागली. नारळ फुटायचा, त्याच म्हाताऱ्या पंचाच्या हातानं त्या ओळीवर कुंकू लागायचं. तात्या, त्या दिवशी मी वेल्ह्याच्या वाटेवर एकटा हसत गेलो आणि ओढ्यापाशी बसून रडलो. कुठलं आधी आणि कुठलं नंतर ते आठवत नाही.

मी तुम्हाला विचारलं होतं, ती माझी ओळ का? तुम्ही कुळवाच्या दांडीला रंधा मारत म्हणालात, "वळ हाय. ऱ्हाऊ दे." यापलीकडे एक अक्षर नाही. मग मी चिडून म्हणालो, माझीच असेल तर तिसरी का? चौऱ्याण्णव भरले होते, तुम्हीच ओरडून सांगितलंत, मग दुसरी पाहिजे. तुम्ही रंधा उलटा करून भुसा झटकलात. दरवर्षी हा वाद मी काढायचो आणि दरवर्षी तुम्ही भुसा झटकायचात. मला वाटायचं, दान देतानाही माणसानं हात आखडला.

त्यात पुन्हा तो ब्याण्णवचा टोला आला. खालच्या आळीच्या एका पोरानं मारला आणि तुम्ही नव्या पानावर त्याचं नाव तिसरं लिहिलंत आणि रिकामी ओळ चौथी केलीत. मी त्या रविवारी तणतणत आलो. रिकाम्या ओळीला कुणी हरवतं का, असं मी तुम्हाला विचारलं. गावातही कुणीतरी विचारलं होतं की देव खाली कसा सरकला, तर तुम्ही त्यांना सांगितलंत, देव मनानंच खाली बसला, पोराचं कौतिक म्हणून. त्यावर लोक खूष. खोटं बोलावं तर सुतारानं, सांधा दिसत नाही.

या ओळीची किंमत कुणी भरली तर तुमच्या सख्ख्या भावानं. दगडूकाकांचा टोला ब्याऐंशीचा, दहावा. रिकामी ओळ आल्यापासून नावं नऊच बसायला लागली आणि दगडूकाका पानाबाहेर गेले. त्यांनी तुमच्याशी वर्षभर बोलणं टाकलं होतं. मग देवासाठी बाहेर बसलो असं स्वतःला समजावून परत यायला लागले. तुम्ही त्यांनाही खरं सांगितलं नाहीत.

बहात्तरच्या दुष्काळात जत्रा झाली, खेळ झाला नाही. सगळा गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता. बायकांच्या, पोरांच्या हातातल्या हातोड्यांना तुम्ही तिथंच झाडाखाली बसून दांडे बसवून देत होता, आमच्या वस्तीच्याही आणि वरच्या आळीच्याही, आणि पाण्याचा टँकर आला की सगळे एकाच रांगेत उभे राहायचे, कारण पाय ओढत पुढे जाण्याचंही कुणात त्राण नव्हतं. मी कचेरीच्या हजेरीसाठी आलो होतो. तुम्ही मला बघून म्हणालात की यंदाचं पान तसंच्या तसं उतरवलंय. भुकेच्या वर्षी पान कशाला खर्च केलंत, असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, वही थांबली की त्यात जे नाही ते कायमचं जातं. मला वाटलं तुम्ही आणखी काही बोलाल. तेवढ्यात कुणीतरी हातोडा घेऊन आलं.

आणि आता या महिन्याचं.

बाजाराला आलेल्या माणसाजवळ तुमचा निरोप आला. तात्या अंथरुणाला आहेत, वही घेऊन बसलेत, किसनाला म्हणावं ये. मी नियम जाणतो, तात्या. मला एका क्षणात कळलं कशासाठी बोलावलंय. आणि मी गेलो नाही. टेबलावर नकलांचा ढीग आहे, असं निरोप्याला सांगितलं. ढीग होता, पण तो रोजच असतो. खरं हे की मला वाटलं, अकरा वर्षं मी थांबलो, हे चार दिवस थांबतील. मला असंही वाटलं की आता तुम्हाला धीर आला तो कसला? शेतकरी भोरहून लोखंडी नांगर आणतात, बलुतं कधीच बंद पडलंय, तो पंच मरून गेलाय. गमवायला काही उरलं नाही तेव्हा तुम्ही लेखणी उचललीत. असला मान मला नको, असं मी मनात म्हणालो आणि त्या म्हणण्याचा मला अभिमानही वाटला.

चौथ्या दिवशी मात्र राहवेना. सकाळच्या एसटीनं निघालो, फाट्यावर उतरून चालत आलो, तर घराला कडी. शेजारणीनं सांगितलं, उजाडताना टेम्पोत घालून भोरला नेलं, छाती भरून आली होती. मी उलटा फिरलो. कापूरहोळला भोरच्या गाडीची वाट बघत धाब्यासमोर तासभर उभा होतो. त्याच रस्त्यानं तुम्हाला परत घेऊन येणारा टेम्पो माझ्यासमोरून गेला असणार. मी ओळखला नाही. भोरला पोचलो तेव्हा तिथं कुणीच नव्हतं. तुम्ही कापूरहोळ ओलांडलंत आणि तिथंच संपलात, असं नंतर कळलं. दवाखान्याची पायरीसुद्धा चढला नाहीत.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा सगळं उरकलं होतं. दगडूकाका ओट्यावर बसले होते. त्यांनी मला जे सांगितलं ते मी शब्द न बदलता इथं ठेवतो, कारण ते तुम्हीही पुरतं ऐकलं असेल का नाही, मला माहीत नाही.

"चार दिस ह्या वट्याव बशिवलं व्हतं मला," ते म्हणाले. "साक्षीला. दुसरी साक्ष म्हणून वैनीला. वळ कुणाची त्ये तवा सांगितलं त्यानं. आन् दर घडीला इचारायचा, आला का?"

मी म्हणालो, काका, ती ओळ माझी होती हे कळल्यावरही तुम्ही बसलात?

"द्येवासाठी अकरा वरसं भाइर ऱ्हायलो," दगडूकाका म्हणाले. "तुज्यासाठी चार दिस बसाया काय जातंय?"

तात्या, एवढं सोपं होतं ते. तुम्ही ज्या गावाला अकरा वर्षं भ्यालात, त्यात हा तुमचा भाऊ होता. त्याला पहिल्याच वर्षी विचारलं असतंत तर? मी हे तुम्हाला दोष द्यायला म्हणत नाही. नाही, दोष द्यायलाच म्हणतोय. तुम्ही गेलात म्हणून मी माझा राग धुऊन ठेवावा असं कुणी मला सांगू नये. माझी आई तो आकडा शेवटपर्यंत लोकांना सांगत होती आणि लोक ऐकून घेत होते, म्हातारीचं ऐकावं तसं. वहीत असता तर तिला सांगावा लागला नसता.

मग काकी आतून आल्या. त्यांनी वही दिली आणि तेलकट फडक्यात गुंडाळलेलं एक लाकूड दिलं. तुमच्या हत्यारांच्या पेटीत तळाशी होतं, म्हणाल्या, दर दिवाळीला तेल लावायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. फडकं सोडलं. माझा बाभळीचा दांडू. काचेनं तासताना राहिलेल्या आडव्या चऱ्यासकट.

त्याच्या कडेला करवतीनं बारीक खुणा केलेल्या होत्या, बोटाबोटावर. मी मोजल्या. पस्तीस. मग वहीचं शेवटचं पान उलटलं, आजवर तिथं मी कधी बघितलं नव्हतं. तुमच्या जाड पेन्सिलीनं गणित होतं. माझा दांडू पस्तीस बोटं, देवाचा छत्तीस. चौऱ्याण्णव गुणिले पस्तीस, तीन हजार दोनशे नव्वद बोटं. त्याला छत्तीसनं भागून एक्याण्णव, वर चौदा बोटं. खाली दोन रेघा.

एक्याण्णव. म्हणजे त्र्याण्णवच्या खाली. म्हणजे तिसरा. आणि ब्याण्णव आल्यावर चौथा.

मी ओट्यावर बसलो तो बराच वेळ उठलो नाही. तुम्ही हात आखडला नव्हता. माझा दांडू एक बोटानं आखूड होता आणि तुम्ही मला त्या एका बोटाचीसुद्धा सूट दिली नव्हतीत. दान दिलं असतंत तर दुसरी ओळ दिली असतीत. तुम्ही मला मोजलं होतंत. सगळ्यांसारखं, तेवढंच, चौदा बोटं सोडून देऊन. अकरा वर्षं दरवर्षी नव्या पानावर तुम्ही मला माझ्या जागी लिहीत होता, फक्त नाव सोडून. आणि मी दरवर्षी येऊन तुमच्याशी दुसऱ्या जागेसाठी भांडत होतो. एकदा सांगायचं होतंत. त्या भुशाबरोबर उत्तरही का झटकलंत, तात्या?

दगडूकाका परवा म्हणाले, वही तुझ्या हाती आली, म्हणजे तू आता वही ठेवणारा, लिहून टाक नाव, मी साक्षीला आहे, वहिनी आहे. मी म्हणालो, सहावा नियम. वही ठेवणाऱ्यानं स्वतःचं नाव लिहायचं नाही. मग पोरांपैकी कुणाकडून लिहून घेऊ, ते म्हणाले. मी नको म्हणालो. तुमच्याशी भांडण म्हणून नाही. मी नक्कल कारकून आहे. आमच्या कामात पहिल्याच दिवशी शिकवतात की मुळात जे आहे ते उतरवायचं, मुळात चूक असली तर चूकसुद्धा तशीच, सुधारायची नाही. सुधारली की ती नक्कल राहत नाही. तुमच्या अक्षरात माझं नाव नाही. दुसऱ्या कुणाच्या अक्षरात ते आलं तर असं वाटेल की ते पहिल्यापासून होतं. ते नव्हतं.

हे लिहिता लिहिता दुपार टळून गेली. नऊ नावं उतरवली, रिकामी ओळ चौथ्या जागी सोडली. कुंकू लावलेलं नाही. ज्यांना लावायचं त्यांनी लावायच्या आधी समोरचं रीतीचं पान वाचावं. वाचून कुणी पान फाडील, अशी मला भीती आहे. तुम्हाला जी होती तीच. फरक एवढाच, की मी लिहून मग भितोय. मंडळाची पोरं पुढच्या रविवारी वही न्यायला येतील. त्यात आमच्या वस्तीची दोन आहेत आणि वरच्या आळीची चार. मोठ्यानं वाचून दाखवीन आणि वाचताना त्यांच्याकडे बघीन.

सातवा नियम तुमच्याकडे नव्हता. तो मी घातला आहे. तुम्ही म्हणाल पळवाट. बघा, सापडते का.

"सात. चौथी ओळ रिकामी आहे. ती चुकून सुटलेली नाही. ती देवाची नाही. तिथं एक्याण्णव दांडू आहेत, मोजणी शेवटच्या पानावर आहे आणि ती बरोबर आहे. खेळणारा समोर उभा होता तेव्हा वही ठेवणाऱ्यानं लिहिलं नाही. वही ठेवणारा लिहायला बसला तेव्हा खेळणारा उभा राहायला गेला नाही. या ओळीत पुढे कुणी नाव घालू नये आणि ती गाळूही नये. कुणी एक्याण्णवच्या वर मारलं तर ती एक घर खाली घ्यावी. अकरावी झाली की पुढच्या पानावर घेऊ नये. सगळ्यांना जे लागू आहे ते हिलाही लागू आहे."

खाली दगडूकाकांचा अंगठा घ्यायचा आहे आणि काकींचा. शाई वाळली की निघतो. शेवटची एसटी मिळाली तर दिवे लागायच्या आत घरी पोचेन, तुमच्या.